ग्रिडजोडणीचे पॅसिव्ह फिल्टर

ग्रिडजोडणीचा पॅसिव्ह फिल्टर म्हणजे सौर इन्व्हर्टर, पवनचक्कीचा कन्व्हर्टर किंवा मोठ्या बॅटरीचा चार्जर आणि वीजजाळे यांच्या मधे बसवलेली चोक व कॅपॅसिटरची जुळणी. कन्व्हर्टरमधले आयजीबीटी स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यामुळे बाहेर येणारा व्होल्टेज गुळगुळीत साइन लहरीचा नसतो, चौकोनी ठोक्यांचा असतो. त्या ठोक्यांची सरासरी 50 हर्ट्झची असते आणि ग्रिडला तेवढीच हवी असते. स्विचिंगच्या वारंवारतेचा कचरा अडवणे हे फिल्टरचे काम. मर्यादा कागदावर ठरलेल्या आहेत: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2013 चे विकेंद्रित वीजनिर्मितीच्या जोडणीविषयीचे नियम हार्मोनिक प्रवाहासाठी आयईईई 519 या मानकाकडे बोट दाखवतात. या मानकात वीजनिर्मिती करणाऱ्या उपकरणांसाठी एकूण विकृती 5 टक्के आणि 35व्या हार्मोनिकपासून पुढे जेमतेम 0.3 टक्के अशी मर्यादा आहे. फिल्टरची किंमत मात्र तो किती कचरा अडवतो यावरच करायची, ही रूढ समजूत अपुरी आहे. फिल्टरची खरी परीक्षा रेझोनन्समध्ये, म्हणजे चोक आणि कॅपॅसिटर एका ठरावीक वारंवारतेला प्रवाह अडवण्याऐवजी फुगवतात तेव्हा, होते, आणि तो रेझोनन्स फिल्टरच्या पेटीत बंद नसतो. समोरचे ग्रिड त्यात अर्धा भागीदार असते.

सर्वांत साधा फिल्टर म्हणजे नुसती चोक. ती बिघडत नाही आणि हट्ट करत नाही, पण वारंवारता दहापट झाली की तिची अडवणूकही फक्त दहापटच वाढते. त्यामुळे मोठ्या क्षमतेला ती जड, महाग आणि व्होल्टेज खाणारी ठरते. म्हणून आज एलसीएल रचना सर्रास वापरली जाते: कन्व्हर्टरच्या बाजूला एक चोक, ग्रिडच्या बाजूला दुसरी आणि मधे कॅपॅसिटर. रेझोनन्सच्या वर दहापट वारंवारतेला ही रचना हजारपट अडवणूक देते. 100 किलोवॉट, 400 व्होल्टचा, 12 किलोहर्ट्झला स्विच होणारा तीन फेजचा इन्व्हर्टर घेऊ. कन्व्हर्टरकडे 0.3 मिलिहेन्री, ग्रिडकडे 0.1 मिलिहेन्री आणि दर फेजला 50 मायक्रोफॅरड. हा कॅपॅसिटर जी रिअॅक्टिव्ह पॉवर घेतो ती इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या अडीच टक्के भरते, म्हणजे 5 टक्क्यांच्या प्रचलित मर्यादेच्या निम्मी. तेवढ्याच एकूण इंडक्टन्सच्या नुसत्या चोकेपेक्षा ही जुळणी 12 किलोहर्ट्झला सुमारे 20 पट जास्त रिपल, म्हणजे स्विचिंगचा कचरा, अडवते. तांबे आणि लोखंड न वाढवता मिळालेला हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

त्याची किंमत रेझोनन्समध्ये मोजावी लागते. वरच्या फिल्टरचा रेझोनन्स सुमारे 2600 हर्ट्झला येतो. ग्रिडच्या वारंवारतेच्या दहापटीच्या वर आणि स्विचिंगच्या निम्म्याच्या खाली, या पाठ्यपुस्तकी पट्ट्यात तो व्यवस्थित बसतो. पण हा आकडा ग्रिड अगदी भक्कम आहे असे धरून काढलेला आहे. हाच इन्व्हर्टर लांबच्या लाइनच्या टोकाला लावला आणि ट्रान्सफॉर्मर व तारांचा मिळून 0.3 मिलिहेन्री इंडक्टन्स मधे आला, तर रेझोनन्स 1720 हर्ट्झपर्यंत घसरतो. म्हणजे तो 35व्या हार्मोनिकच्या शेजारी, सर्वांत कडक मर्यादेच्या दारात येतो. 144 अँपिअरच्या इन्व्हर्टरला तिथे अर्धा अँपिअरही सोडता येत नाही. एकाच जागी अनेक इन्व्हर्टर असले तर घसरण वाढतेच. एकसारखे दहा इन्व्हर्टर समांतर जोडले की प्रत्येकाला ग्रिडचा इंडक्टन्स दहापट दिसतो. हा निव्वळ कागदी धोका नाही. 1995 मध्ये स्वित्झर्लंडच्या रेल्वेजाळ्यात कन्व्हर्टरवर चालणारी आधुनिक इंजिने हार्मोनिक वाढल्यामुळे बंद पडली होती. नेदरलँड्समधल्या सौर छपरांच्या वसाहतींत इन्व्हर्टरचे कॅपॅसिटर आणि जाळ्याचा इंडक्टन्स यांच्यातला रेझोनन्स योहान एन्सलिन आणि पीटर हेस्केस यांनी 2004 च्या निबंधात दाखवून दिला. तिथले इन्व्हर्टर एकेकटे तपासले तर नियमात बसणारे होते.

यावर पहिला आक्षेप असा की रेझोनन्स सॉफ्टवेअरने दाबता येतो, मग तो दाबण्यासाठी फिल्टरमध्ये रेझिस्टर घालून वीज कशाला जाळायची? सॉफ्टवेअरने असे दाबणे, म्हणजे अॅक्टिव्ह डॅम्पिंग, उपयोगी आहे, पण त्याला स्वतःची सीमा आहे. डिजिटल नियंत्रणात मोजणी आणि कृती यांत साधारण दीड सॅम्पलचा उशीर होतो. या उशिरामुळे सॅम्पलिंग वारंवारतेच्या एक-षष्ठांशाला नियंत्रणाचे वागणे उलटते. सॅम्पलिंगही 12 किलोहर्ट्झ धरले तर ही सीमा 2000 हर्ट्झला पडते. ग्रिडचा प्रवाह मोजून चालणारे नियंत्रण 2600 हर्ट्झच्या रेझोनन्सला डॅम्पिंगशिवायही स्थिर राहू शकते. रेझोनन्स 1720 ला आला की तेच नियंत्रण डॅम्पिंगशिवाय अस्थिर होते. कारखान्यात उत्तीर्ण झालेली पेटी फीडरच्या टोकाला ट्रिप होते, याचे एक कारण इथे सापडते. रेझिस्टरला असा उशीर नसतो.

आणि रेझिस्टरचा व्यय किती? रूढ नियमाने तो रेझोनन्सच्या वारंवारतेला कॅपॅसिटरच्या रिअॅक्टन्सच्या एक-तृतीयांश, इथे 0.4 ओहम, घेतला तर 50 हर्ट्झच्या प्रवाहामुळे तिन्ही फेज मिळून 16 वॉट जातात. रिपलचा भाग धरूनही हा व्यय शंभरेक वॉटच्या घरात राहतो, म्हणजे क्षमतेचा हजारावा हिस्सा. रेझिस्टरचा खरा तोटा वेगळा आहे. 12 किलोहर्ट्झला कॅपॅसिटरचा रिअॅक्टन्स अवघा 0.27 ओहम असतो, त्यामुळे 0.4 ओहम तिथे वाट अडवतो आणि फिल्टर ढिला पडतो. म्हणून रेझिस्टर मुख्य कॅपॅसिटरच्या मार्गात घालू नये. वेगळ्या कॅपॅसिटरसह समांतर शाखेत घालावा. त्यामुळे रेझोनन्स दबतो आणि रिपलला मुख्य कॅपॅसिटरची वाट मोकळी राहते.

दुसरा आक्षेप सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या स्विचांचा. स्विचिंग वेगवान झाले की फिल्टर लहान होतो हे खरे, आणि सॅम्पलिंग वाढल्याने एक-षष्ठांशाची ती सीमाही पुढे सरकते. पण लहान फिल्टरमध्ये ग्रिडच्या इंडक्टन्सचा वाटा तुलनेने मोठा होतो, म्हणून रेझोनन्स अधिक भटकतो. शिवाय वेगवान स्विचांच्या तीव्र कडा 150 किलोहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यात गोंगाट वाढवतात आणि त्यासाठी वेगळा ईएमआय फिल्टर लागतोच.

म्हणून इन्व्हर्टर घेताना कार्यक्षमतेच्या दशांशावर अडून बसू नये. भक्कम ग्रिडपासून कमकुवत ग्रिडपर्यंत कोणत्या शॉर्ट-सर्किट पातळीला हा फिल्टर स्थिर राहतो आणि समांतर किती इन्व्हर्टरपर्यंत ते तपासले आहे, हे उत्पादकाकडून लेखी मागावे आणि ते आकडे निविदेत घालावेत.