हँडलचे कुलूप

1851 साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनासाठी जे अमेरिकन पाहुणे आले, त्यांत आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा एक कुलूपतज्ज्ञ होता. पिकॅडिलीतील ब्रामा यांच्या दुकानात काचेआड एक कुलूप कित्येक वर्षे मांडून ठेवलेले होते. किल्लीवाचून ते उघडून दाखवील त्यास दोनशे गिनी देऊ, अशी पैज त्याजवळच्या पाटीवर लिहिलेली होती. हॉब्जने ती पैज जिंकली आणि इंग्लंडातील कुलूपकारांचे धाबे दणाणले. वृत्तपत्रांतून मोठी खळबळ माजली. सुरक्षित म्हणून जगात काही उरलेच नाही की काय, अशी भाषा होऊ लागली. या गदारोळात एक साधा तपशील मात्र मागे पडला. ते कुलूप उघडण्यास हॉब्जला सोळा दिवसांत मिळून सुमारे 51 तास खर्ची घालावे लागले होते, आणि तेही हाती सर्व हत्यारे असताना, कुणाची भीती नसताना. रात्री दुसऱ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या चोरास 51 तास कोण देणार? कुलपाचे मोल ते उघडते की नाही यावर ठरत नाही, ते किती वेळ खाते यावर ठरते, हे या प्रकरणावरून उमगावयास हवे होते. मोटरसायकलच्या हँडलास असणाऱ्या बोटभर कुलपाचा इतिहास पाहू लागले की हॉब्जच्या त्या 51 तासांची आठवण होते, कारण या कुलपाकडून अपेक्षा असते ती फार तर काही मिनिटांची.

घर फोडणाऱ्यास माल उचलून न्यावा लागतो. वाहनाची गोष्ट उलटी आहे. तेथे मालच चोराला पाठीवर घेऊन पळतो. त्यातही मोटरसायकलीची एक खास अडचण होती आणि ती तिच्या इंजिनाच्या पोटात होती. इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी लागते. ही ठिणगी बॅटरीतून येत असेल तर वाटेत एक किल्लीचे बटण बसवून वीज तोडता येते. परंतु 1897 साली रॉबर्ट बॉश याने द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसविला, 1902 मध्ये त्याचाच सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि पुढे अनेक दशके मोटरसायकली याच मॅग्नेटोवर धावल्या. मॅग्नेटो आपली वीज आपणच निर्माण करतो. त्यास बॅटरी लागत नाही आणि म्हणून किल्लीही लागत नाही. किक मारावी, इंजिन चालू व्हावे. मालकाची किक आणि चोराची किक यांत यंत्रास भेद करता येत नसे.

तेव्हा इंजिन अडविता येत नाही तर वाट अडवावी, हा विचार पुढे आला. मोटरसायकलीचा पुढचा चिमटा ज्या नळीत फिरतो ती नळी सांगाड्याचा भाग असते. चिमट्यावर एक भोक व सांगाड्यावर एक भोक ठेवून, हँडल एका बाजूस पूर्ण वळविल्यावर दोन्ही भोके समोरासमोर यावीत, आणि त्यांतून साधे लोंबते कुलूप ओवावे, अशी सोय काही यंत्रांवर असे. पुढे हे कुलूप आत शिरले. एका लहानशा नळकांड्यात किल्ली फिरते, तिच्यासरशी पोलादी अडसर पुढे सरकतो आणि समोरच्या खाचेत जाऊन बसतो. वाड्याच्या दिंडीदरवाजाचा अडसर ज्यांनी पाहिला असेल त्यांस यात नवे काही वाटणार नाही. मोटारींसाठी याच तत्त्वाचे कुलूप दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रान्समध्ये अब्राम नेमान याने प्रचारात आणले, आणि त्याचे नाव तेथे इतके रूढ झाले की फ्रेंच माणूस गाडीच्या किल्लीच्या जागेस अजूनही ‘नेमान’ म्हणतो.

हँडल एका बाजूस वळविल्याशिवाय हे कुलूप का लागत नाही, हा प्रश्न नव्या चालकास हमखास पडतो. त्याचे उत्तर केवळ चोराशी संबंधित नाही. धावत्या गाडीचे हँडल सरळ असताना अडसर चुकून खाचेत पडला, तर चालकाचा प्राणच जावयाचा. म्हणून खाच अशा जागी ठेवतात की जेथे हँडल भरधाव वेगात कधी जाणारच नाही. शिवाय पुष्कळ कुलपांत किल्ली आधी आत दाबावी लागते व मगच ती फिरते. एवढ्याशा वस्तूच्या रचनेत चोराच्या विचारापेक्षा मालकाच्या चुकीचा विचार अधिक केलेला आहे.

मोटारीच्या दुनियेतही किल्लीने फार मोठी सुरक्षितता दिली होती अशातला भाग नाही. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘टी’ मोटारीस किल्ली होती खरी, पण तिचे नमुने होते अवघे चोवीस! लक्षावधी मोटारी आणि चोवीस किल्ल्या. शेजाऱ्याची किल्ली आपल्या गाडीस लागली तर नवल ते काय? चोरलेली मोटार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा संघराज्याचा गुन्हा ठरविणारा कायदा अमेरिकेस 1919 मध्ये करावा लागला. पुढे युरोपच्या मोटारींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने जे नियम झाले, त्यांत किल्लीचे किमान एक हजार वेगवेगळे नमुने असावेत असे कलम घातले गेले. हँडल असलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम आला. त्याचा क्रमांक 62.

कायद्याने हे कुलूप सक्तीचे केल्यावर काय घडले, याची हकिकत उद्बोधक आहे. पश्चिम जर्मनीने साठीच्या दशकाच्या आरंभी नव्या आणि जुन्या अशा सर्वच मोटारींना सुकाणूचे कुलूप लावावयास भाग पाडले आणि मोटारींच्या चोऱ्या लक्षणीय रीतीने घटल्या. ब्रिटनमध्ये 1971 पासून कुलूप आले ते केवळ नव्या मोटारींना. तेथील गृहखात्याच्या संशोधकांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दिसून आले की नव्या मोटारींच्या चोऱ्या कमी झाल्या, पण चोर जुन्या, कुलूप नसलेल्या मोटारींकडे वळले. चोरांतील बरेचसे लोक ठरवून आलेले नसतात. दिसली गाडी, लागली किक, निघाला स्वार, असा हा मामला असतो. मोटरसायकलीच्या बाबतीत याचा आणखी विलक्षण पुरावा जर्मनीतच मिळाला. शिरस्त्राण न घालणाऱ्या स्वारास जागीच दंड करण्याची पद्धत तेथे 1980 मध्ये सुरू झाली. हेतू अपघातातील मृत्यू टाळण्याचा. चोरीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. परंतु वर्षाला दीड लाखाच्या आसपास होणाऱ्या मोटरसायकलींच्या चोऱ्या 1986 पर्यंत पन्नास-पंचावन्न हजारांवर आल्या. जाता जाता गाडी पळविणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण कोठून असणार? बोडक्या डोक्याने निघावे तर पोलीस अडवितो. तेव्हा त्याने तो नादच सोडला.

आपल्याकडे या कुलपास निराळेच महत्त्व आले. मुंबईत लॅम्ब्रेटा, पुण्याजवळ आकुर्डीस बजाज आणि मद्रासेत 1955 पासून एनफिल्डची बुलेट तयार होऊ लागली, तरी मागणी पुरी पडेना. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी, मुलाच्या मुंजीच्या वेळी नोंदविलेली स्कूटर त्याच्या लग्नाच्या सुमारास दारात यावी, असा तो काळ. अशी वस्तू चोरीस गेली तर पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावयाचे! आणि जुन्या स्कूटरांच्या अनेक नमुन्यांत इंजिनास किल्लीच नव्हती. जी काही राखण होती ती हँडलच्या कुलपाची. ते एकदा लागले की ‘खट्’ असा आवाज येई, आणि तो ऐकल्याशिवाय गृहस्थाचा पाय जिना चढत नसे. सकाळी घाईत ते कुलूप उघडण्याचे विसरून किक मारणारे आणि पहिल्याच पावलास गाडीसह आडवे होणारे गृहस्थही प्रत्येक आळीत एखाददुसरे असतच.

याच कुलपाची देखभाल मात्र सर्वांत कमी होते. त्याचे तोंड उघडे असते; पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात धूळ थेट आत जाते. किल्ली अडकू लागली की मालक तेलाची धार सोडतो. दोन दिवस बरे वाटते, मग त्याच तेलावर धूळ बसून आत चिखल होतो, आणि किल्लीच्या खाचांनुसार खालीवर होणाऱ्या पितळी पट्ट्या जागच्या जागी चिकटून बसतात. जाणता कारागीर आत तेल घालीत नाही, ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंकतो. ती नसल्यास शिसपेन्सिलीचे शिसे खरवडून किल्लीस चोळले तरी काम भागते. अडसराच्या टोकास मात्र बोटभर ग्रीस चालते. किल्लीवर जोर करणे सर्वांत वाईट. ती आत तुटली म्हणजे पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते.

कुलूप बदलावयाची वेळ आली तर ते कसे बसविले आहे हे प्रथम पाहावे लागते. वेस्पाच्या घराण्यातील स्कूटरांत कुलपावरची चकती लहान रिव्हेटांनी ठोकलेली असते. त्या रिव्हेटांना भोक पाडून चकती काढावयाची, किल्ली फिरवून नळकांडे बाहेर ओढावयाचे, नवे बसवून पुन्हा रिव्हेट ठोकावयाचे. काही मोटरसायकलींवर असा बोल्ट असतो की ठराविक जोरापर्यंत आवळला की त्याचे डोकेच तुटून पडते, म्हणजे मागाहून कुणास पान्हा लावता येऊ नये. तो काढताना छिन्नीने हळूहळू फिरवावा लागतो किंवा मधोमध भोक पाडावे लागते. किल्ली हरविली असून हँडल अडकलेलेच असेल, तर नळकांडे कापून काढण्यावाचून इलाज नसतो. आणि तेव्हा लोखंडाचा कीस आत राहू न देणे व अडसर पूर्ण मागे आल्याची खात्री करणे हे गाडी मालकाच्या हाती देण्यापूर्वीचे काम आहे. नवे कुलूप बसल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत दहा-वीस वेळा फिरवून पाहतात, किल्ली काढून घेऊन फिरवतात, सांगाड्यावर मूठ आपटून फिरवतात. एकदाही अडसर आपण होऊन सरकला तर ते कुलूप परत काढावयाचे. या तपासणीचा कंटाळा करणाऱ्या दुकानात गाडी नेऊ नये.

किल्लीवाचून चालणाऱ्या नव्या स्कूटरांत खिशातील यंत्र जवळ येताच गाडी आपल्या धन्यास ओळखते. तरीही हँडल अडविण्यास शेवटी पोलादी अडसरच लागतो, फक्त त्यास बोटांऐवजी लहानशी मोटर ढकलते. जुन्या गाडीच्या मालकास मात्र किल्लीचाच आधार आहे. नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात, आणि सोबतच्या पत्र्याच्या चकतीवर पुष्कळदा एक क्रमांक कोरलेला असतो. दोहोंपैकी एक किल्ली न वापरता घरी ठेवावी व तो क्रमांक वहीत टिपून ठेवावा. झिजलेल्या किल्लीवरून चावीवाल्याने केलेली नवी किल्ली ती झीजही बरोबर घेऊन येते आणि काही महिन्यांतच पुन्हा अडकू लागते; मग मालक कंटाळतो, कुलूप लावणे सोडून देतो, आणि गाडी रात्रभर सरळ हँडलाने रस्त्यावर उभी राहते.