थिबाच्या गावी चार दिवस

मलकापूरच्या माणसाला समुद्र तसा लांब नाही. आंबा घाट उतरला, साखरपा, पाली, हातखंबा मागे पडले की रत्नागिरी. तरी घाटाखालून येणारी सुकी मासळी एवढीच माझी समुद्राशी ओळख होती. निवृत्तीनंतर ठरवले, चार दिवस एकट्यानेच जाऊन राहायचे. घरातून विचारणा झाली, "तिथे काम काय आहे?" काम काहीच नव्हते, म्हणून तर जायचे होते.

सकाळी भाट्याच्या वाळूत फिरायचे, मिरकरवाड्यात होड्या लागताना पाहायच्या, दुपारी मासळी-भात खाऊन ताणून द्यायची. जुम्म्याची नमाज राजिवड्यात पढलो. संध्याकाळी थिबा पॉइंटवर जाऊन बसे. खाली खाडी, तिच्या काठाला राजिवड्याची वस्ती, पुढे उघडा समुद्र. माणूस तासन्‌तास बसू शकतो. तिसऱ्या दिवशी मात्र मनात आले, ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते, त्याने हाच समुद्र तीस वर्षे पाहिला. तो काही हवापालटाला आलेला नव्हता.

नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला गादीवरून उतरवले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आधी रंगून, मग मद्रास आणि एप्रिल 1886 मध्ये जहाजाने रत्नागिरी. सोबत राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण जी थिबाची दुसरी राणी होती आणि लहान मुली. चौथी मुलगी इथेच जन्मली. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. रत्नागिरीला रेल्वे नव्हती (ती यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली), पावसाळ्यात बोटी बंद आणि पाठीशी सह्याद्री. कैद्याला बेडी घालायची गरजच नव्हती.

आज आपण ज्याला थिबा राजवाडा म्हणतो, तो जांभ्या दगडाचा कौलारू वाडा तयार झाला 1910 मध्ये. म्हणजे चोवीस वर्षे राजाने सरकारी बंगल्यांत काढली. सरकारी तनखा पुरत नसे, तेव्हा जवळची रत्ने विकून घर चालवावे लागे. अमिताव घोष यांच्या 2000 साली आलेल्या 'द ग्लास पॅलेस' कादंबरीतला राजा दुर्बिणीतून होड्या न्याहाळतो. ती कादंबरी आहे, तिचा पुरावा मी देत नाही. पण थिबा पॉइंटवर बसल्यावर ते चित्र डोळ्यांपुढून हटत नाही.

आपल्या वाचकांना दुसरा कैदी अधिक जवळचा. बहादूरशाह जफर यांच्यावर 1858 साली लाल किल्ल्यात खटला चालला. ऑक्टोबरात त्यांना दिल्लीबाहेर काढले आणि डिसेंबरात ते रंगूनला पोचले. त्यानंतर काही आठवड्यांतच, 1 जानेवारी 1859 रोजी, त्याच मुलखात मंडालेच्या राजघराण्यात थिबाचा जन्म झाला. हिंदुस्थानचा बादशाह ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात! ही अदलाबदल नुसत्या योगायोगाची नाही. गादी हिसकावली तरी माणूस उरतो, माणूस गेला तरी कबर उरते आणि कबरीभोवती लोक जमतात. ही भीती इंग्रजांना होती. म्हणून 7 नोव्हेंबर 1862 रोजी जफर वारले, तेव्हा त्यांना त्याच दिवशी घाईने दफन केले आणि कबरीची खूणही राहणार नाही अशी तजवीज केली. खरी कबर सापडली ती 1991 मध्ये, खोदकाम करताना.

थिबा डिसेंबर 1916 मध्ये गेला. कुटुंबाला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारने ऐकले नाही. अखेर 1919 मध्ये रत्नागिरीतच, त्याआधी वारलेल्या धाकट्या राणीशेजारी, त्याची समाधी झाली. त्याच वर्षी सुपयालतला रंगूनला परत जाऊ दिले, मंडालेला नाही. 1925 मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या देहालाही मंडाले मिळाले नाही. तिची समाधी रंगूनच्या श्वेडगोन पॅगोडाजवळ आहे. जफर यांची मजारही तिथून फार दूर नाही.

मला सर्वांत जास्त चटका लावला तो थोरल्या राजकन्येने. राजवाड्यावरचा नोकर गोपाळ सावंत याच्यापासून तिला मुलगी झाली, टूटू. राजकन्या ब्रह्मदेशातून पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, गरिबीत संसार केला, शेणी थापून विकल्या. 2000 साली ती गेली. मंडालेच्या राजाची नात आपल्या कोकणात शेणी थापत होती आणि आपण शाळेत मुलांना थिबाचा धडा दोन ओळींत उरकत होतो. त्या मास्तरांत मीही आलो.

निघण्याआधी शिवाजीनगरात समाधी पाहिली. एक मोठी, एक लहान, भोवती घरांचा गराडा. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आपले पंतप्रधान मनमोहन सिंग जफर यांच्या मजारीवर गेले होते. मी थोडा वेळ उभा राहिलो. बौद्ध राजाच्या समाधीपुढे काय म्हणावे ते सुचेना, हात आपसूक दुआसाठी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरची एसटी पकडली. साखरप्याच्या पुढे घाट चढू लागला, खिडकीतून गार वारा आला. दुपारच्या जेवणाला मी घरी होतो.