सोनघंटा
सोनघंटा (अब्युटिलॉन रानडेई): माल्व्हेसी म्हणजे जास्वंदीच्या कुळातील झुडूप. उत्तर सह्याद्रीबाहेर ते आढळत नाही. महाराष्ट्रातही मोजक्याच घाटांत व कडेकपारींत उरले आहे. वुड्रो व स्टाप्फ यांनी 1894 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ नमुना आंबा घाटातला, तर जातिनाम वनस्पतिसंग्राहक रानडे यांच्यावरून पडले. पुढे बराच काळ ते दृष्टीआड राहिले.

ओळख फुलावरूनच पटते. बांधावर, उकिरड्याशी सर्रास वाढणाऱ्या मुद्रेचे (पेटारीचे) पिवळे फूल पसरट उघडते. सोनघंटेचे मोठे असून घंटेसारखे खाली लोंबते. पाकळ्या पिवळसर-नारिंगी, त्यांवर लालसर शिरा. पुंकेसर जास्वंदीप्रमाणेच एका नळीत जुळलेले. पाने हृदयाकृती, टोकदार. खोडापानांवर लव असते. फुलावर नसताना मात्र हे झुडूप सहज नजरेतून सुटते, म्हणून केवळ पानावरून निर्वाळा देऊ नये.

फुलांचा हंगाम हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमका याच सुमारास डोंगरांवरचे गवत वाळून वणव्यांचे दिवस जवळ येतात. अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत सोनघंटेची गणना होते.