सिनेमाची पितळी भिंगे

सिनेमाचे यंत्र म्हटले की आपल्याला फिरणारी रिळे आठवतात, फिल्मची टरटर आठवते. यंत्राच्या तोंडाशी बसवलेल्या पितळी नळीची आठवण सहसा कुणी काढत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्या नळीतल्या भिंगांविषयी. त्यांची घडण सिनेमापेक्षा ५५ वर्षांनी जुनी आहे आणि ती मुळात सिनेमासाठी नव्हतीच.

पॅरिसमध्ये १८३९ साली डागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, तेव्हा फोटो काढून घेणे ही एक शिक्षाच होती. भिंगातून उजेड इतका थोडा येई की भर उन्हात कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या योझेफ पेट्झवाल यांनी हा प्रश्न हाती घेतला. तोवर भिंगांचे कारागीर बरेचसे अंदाजाने, घासून पाहत काम करत. पेट्झवाल यांनी आधी गणित मांडले, मग काच घासायला दिली. प्रत्येक किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर किती वाकेल, याचा हिशेब हाताने करायचा म्हणजे आकड्यांचा डोंगर. तेव्हा ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी हिशेबात तरबेज असे ८ गोलंदाज आणि ३ कॉर्पोरल त्यांच्या दिमतीला दिले. तोफगोळ्याची वाट मोजणारी माणसे किरणाची वाट मोजायला बसली!

१८४० मध्ये भिंग तयार झाले. आधीच्या फ्रेंच भिंगापेक्षा ते सुमारे १६ पट उजेड देई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. ते घडवले व्हिएन्नाच्या फोग्टलेंडर पेढीने. पेढीची भरभराट झाली, पेट्झवाल यांच्या हाती मात्र एकरकमी २,००० गिल्डर पडले. पुढे दोघांचे बिनसले. फोग्टलेंडर यांनी १८४९ मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइगला कारखाना थाटला. १८५९ मध्ये पेट्झवाल यांच्या घरी घरफोडी झाली, तीत त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते नष्ट झाली. १८९१ मध्ये ते वारले. त्यानंतर चारच वर्षांनी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये सिनेमा दाखवला आणि या भिंगाचे दिवस फिरले.

कारण त्याची एक खोड. चित्राचा मध्य लखलखीत, पण कडा पुसट. माणसाच्या चेहऱ्यापुरते ते चाले, देखावा टिपायचा तर नाही. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटरची, तिच्यावरचे चित्र जेमतेम २१ मिलिमीटर रुंद. ते पडद्यावर टाकायला भिंगाला १२ अंशांच्या आसपासचाच कोन लागतो, म्हणजे निव्वळ मध्यभाग. खोड झाकली गेली आणि भरपूर उजेडाचा गुण तेवढा उरला.

माझ्याजवळ अशी एक नळी आहे, चोर बाजारातून आणलेली. तिच्यावर ५ इंच असा नाभीय अंतराचा आकडा कोरलेला आहे. त्या आकड्यावर सारा हिशेब असे. यंत्र पडद्यापासून १०० फुटांवर असेल तर ५ इंची भिंग साडेसोळा फुटांचे चित्र देते, ४ इंची सुमारे साडेवीस फुटांचे. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या आपल्याकडच्या टूरिंग टॉकीजवाल्याला मैदान जसे मिळेल तसे यंत्र मांडावे लागे. हे गणित त्याला पुस्तकाशिवाय येत असणार.

साडेसोळा फूट म्हणजे मूळ चित्राच्या २४० पट. घडणीतली कसूर त्याच पटीने वाढणार. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन जातींच्या काचा निवडून त्या कुरुंदाच्या पुडीने ओतीव लोखंडाच्या साच्यावर घासत. मग डांबरासारख्या राळेच्या थरावर, सराफ दागिन्यांना झिलई देतात तसल्या तांबड्या पुडीने उजळत. नमुन्याच्या काचेवर ठेवून रंगीत कडी पाहत. कडी वेडीवाकडी दिसली की काच परत घासायला. पुढच्या दोन काचा कॅनडा बाल्समने, म्हणजे एका सूचिपर्णी झाडाच्या चिकाने, चिकटवत. मागच्या दोन मोकळ्या ठेवत. हा चीक काचेइतकाच स्वच्छ, पण उष्णतेला भितो. कार्बनच्या कांड्यांमधली ठिणगी वर्षानुवर्षे मागून तापवत राहिली की तो पिवळा पडतो, कडेने सुटतो. माझ्या भिंगातही कडेला पिसासारखी नक्षी उमटली आहे.

लंडनची रॉस, लेस्टरची टेलर-हॉब्सन, जर्मनीत राथेनोची बुश, अमेरिकेत रॉचेस्टरची बॉश अँड लोम्ब, अशा पेढ्यांनी हा माल बनवला. ब्रुकलिनची कोलमॉर्गन तर सिनेमाची भिंगे आणि पाणबुड्यांचे पेरिस्कोप दोन्ही करी. हवेला भिडणारा काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के उजेड परतवतो. या नळीत असे सहा, म्हणजे जवळजवळ पाव उजेड वाया. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी त्यावर अतिपातळ लेपाची तोड काढली. जुन्या भिंगात निळसर-जांभळी झाक दिसली की ते बहुधा त्यानंतरचे समजावे.

१९५३ मध्ये ‘द रोब’ सिनेमास्कोपमध्ये आला, आपल्याकडे १९५९ मध्ये ‘कागज के फूल’. पडदा रुंदावला तशी पुसट कडांची ती जुनी खोड पुन्हा उघडी पडली आणि सहा काचांच्या नव्या घडणी पुढे आल्या. २०१० नंतरच्या काही वर्षांत तर थिएटरेच डिजिटल झाली. कितीतरी जुनी यंत्रे भंगारात गेली.

हल्ली तरुण छायाचित्रकार या नळ्या शोधत फिरतात. त्यांना हवी असते ती नेमकी कडेची भोवऱ्यासारखी फिरणारी धूसरता. २०१३ मध्ये लोमोग्राफी या कंपनीने रशियाच्या झेनिट कारखान्याबरोबर तसेच पितळी भिंग नव्याने काढले. १८४० च्या दशकातल्या नळ्यांवर फोग्टलेंडर हे नाव कोरलेले असे. हे नवे भिंग पेट्झवाल या नावाने विकले गेले.