विलो वृक्षांतील कृत्तक-भिन्नता

विलो वृक्षांतील कृत्तक-भिन्नता : एकाच झाडाच्या छाट कलमांपासून वाढवलेल्या, म्हणजे जनुकीय दृष्ट्या सारख्या विलो वृक्षांची उंची, खोडाची जाडी आणि फांद्यांची संख्या व मांडणी यांत आढळणारा फरक. विलो हे सॅलिक्स प्रजातीतील (कुल-सॅलिकेसी) वृक्ष असून महाराष्ट्रात ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा) याच प्रजातीतील आहे.

अनेक विलो जातींच्या फांद्यांत मुळांचे आद्यक आधीपासूनच असतात. त्यामुळे ओल्या जमिनीत खोचलेली काडी सहज मूळ धरते आणि एका झाडापासून हजारो कृत्तक (क्लोन) मिळतात. क्रॅक विलोच्या तुटलेल्या काटक्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन काठावर रुजतात; हे कृत्तकन नैसर्गिकच होय.

कारणे : फरकाची सुरुवात छाटापासूनच होते. जाड छाटात स्टार्चचा साठा अधिक असल्याने त्याची पहिली वाढ जोमदार होते. पुढे जमिनीतील ओल, लागवडीतील अंतर व प्रकाश यांचा प्रभाव पडतो. दाटीत वाढलेले झाड उंच व कमी फांद्यांचे, तर मोकळ्यावरचे पसरट होते. शेंड्यातून खाली येणारे ऑक्सिन बगलेतील कळ्यांची वाढ रोखते. कीड, तांबेरा रोग किंवा चरणाऱ्या जनावरांमुळे शेंडा नष्ट झाला की हा अग्रप्रभाव संपतो, खालच्या कळ्या फुटतात आणि झाड फांदाळते. वाऱ्याने कललेल्या खोडाच्या वरच्या बाजूस सेल्युलोजयुक्त ताणकाष्ठ तयार होते. क्वचित कायिक उत्परिवर्तनामुळे एखादी फांदी जनुकीय दृष्ट्याही वेगळी होते.

उपयोजन : ऊर्जापीक म्हणून लावलेल्या विलोची (उदा., सॅलिक्स विमिनॅलिस) पहिल्या वर्षानंतर जमिनीलगत छाटणी करतात. त्यामुळे बुंध्यातून अनेक धुमारे फुटतात व साधारण दर ३ वर्षांनी तोड मिळते. क्रिकेट-बॅटसाठीच्या विलोत (सॅलिक्स अल्बा, सेरूलिया वाण) याउलट गाठविरहित सरळ खोड हवे असते. म्हणून इंग्लंडमधील एसेक्ससारख्या भागात लांब दांडे रोवून खालच्या खोडावरील कोवळे फुटवे कळी असतानाच हाताने खुडतात. झाड साधारण १५ ते २० वर्षांत तोडणीला येते.

परीक्षण : कृत्तकांची तुलना करताना एकाच जाडीचे व लांबीचे छाट एकाच शेतात, पण वेगवेगळ्या वाफ्यांत विखरून लावतात. एका कृत्तकाच्या झाडांमधील फरक मुख्यतः परिस्थितीचा मानला जातो. वेगवेगळ्या कृत्तकांच्या सरासरींतील फरकातून आनुवंशिक वाटा काढता येतो. त्यामुळे एखाद्या वाणाची निवड एकाच झाडावरून न करता अनेक झाडांच्या सरासरीवरून करावी लागते. परिस्थितीमुळे पडणारा असा फरक क्रिकेटच्या बॅटवरही दिसतो. बॅटच्या दर्शनी भागावरील उभ्या रेषा (ग्रेन्स) ही खोडाची वार्षिक वलये असतात. झपाट्याने वाढलेल्या झाडाच्या बॅटवर त्या कमी व रुंद, तर सावकाश वाढलेल्याच्या बॅटवर जास्त व अरुंद दिसतात. एकाच कृत्तकाच्या दोन झाडांतही त्यांची संख्या वेगळी असू शकते.