शांतिई, शुक्रवार, सकाळचे आठ

एप्रिल १६७१. पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर शांतिईचा वाडा. मालक प्रिन्स कोंदे, एकेकाळी राजाविरुद्ध बंड केलेला आणि माफी मिळालेला सेनापती. आता डोक्यावर कर्ज आहे. चौदावा लुई दरबारासह मुक्कामाला येतो आहे. हॉलंडवरची स्वारी वर्षभरावर आली आहे आणि कोंदेला राजाची मर्जी परत हवी आहे.

मेजवानीची जबाबदारी फ्रांस्वा व्हातेलची. तो स्वयंपाकी नाही, कारभारी आहे. खरेदी, कोठार, टेबलं, आतषबाजी, सगळं त्याच्या अंगावर. याच राजाची मेजवानी त्याने पूर्वीही सांभाळली होती: १७ ऑगस्ट १६६१, अर्थमंत्री फुकेच्या घरी. तो थाट राजाच्या डोळ्यांत खुपला. १९ दिवसांनी फुकेला अटक झाली. दहा वर्षं होत आली, फुके अजून तुरुंगातच आहे.

गुरुवार, २३ एप्रिल, संध्याकाळ. राजा पोहोचतो. चांदण्यात हरणाची शिकार होते, कंदील लागतात, पिवळ्या फुलांनी भरलेल्या जागेत फराळ मांडला जातो. सगळं ठरल्याप्रमाणे.

रात्रीचं जेवण. अपेक्षेपेक्षा जास्त पाहुणे आले आहेत. काही टेबलांवर भाजलेलं मांस पोहोचत नाही. राजाच्या टेबलावर सगळं आहे; कमी पडलं ते पार मागे, पंचविसाव्या टेबलाच्या आसपास. जेवणारे उठून गेले असतील, विसरलेही असतील. व्हातेल विसरत नाही. अब्रू गेली, हा अपमान सोसवणार नाही, असं तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो.

त्याच रात्री, थोड्या वेळाने. कोंदेचा विश्वासू गूरव्हिल समोर येतो. व्हातेल त्याला सांगतो की डोकं गरगरतंय, बारा रात्री झोप नाही, हुकूम द्यायला मदत करा. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जड वाटते ती हीच जागा. माणसाने आपली अवस्था आकड्यासकट सांगितली होती. गूरव्हिल जमेल तेवढा धीर देतो आणि मालकाच्या कानावर घालतो.

कोंदे स्वतः व्हातेलच्या खोलीत जातो. राजाचं जेवण अप्रतिम झालं, सगळं उत्तम चाललंय, असं सांगतो. आपला चांगुलपणाच मला संपवतोय, असं व्हातेल उत्तर देतो. पण दोन टेबलांवर मांस कमी पडलं, हे मला ठाऊक आहे, असंही म्हणतो. कोंदे ते मानत नाही. व्हातेलला विश्रांती घ्यायला कोणी सांगितल्याची नोंद नाही.

मध्यरात्र. आतषबाजी फसते. खर्च १६,००० फ्रँक. मादाम द सेव्हिन्येने मुलीला लिहिलेल्या दोन पत्रांतून ही रात्र आपल्यापर्यंत आली. ती स्वतः तिथे नव्हती, पॅरिसमध्ये होती, आणि तिने ऐकून लिहिलं. पहिल्या पत्रात दारूकामाचं तेज चांदण्याने फिकं पडलं, दुसऱ्यात ढगाने झाकलं. दोन्हींत व्हातेलचा दोष नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल, पहाटे ४. व्हातेल वाडाभर फिरतो. सगळे झोपलेत. शुक्रवारी कॅथलिकांना मांस वर्ज्य, म्हणजे आजचा दिवस मासळीवर. समुद्र दूर आहे आणि माल घोड्यांवरून यायचा आहे. म्हणून त्याने सगळ्या बंदरांकडे मागणी धाडली आहे. एक किरकोळ पुरवठादार भेटतो. त्याच्याकडे मासळीची फक्त दोन ओझी. एवढंच का, असं व्हातेल विचारतो. माणूस हो म्हणतो. तो आपल्यापुरतं बोलतोय; इतर बंदरांना मागणी गेलीय, हे त्याला माहीत नाही. एक प्रश्न आणखी विचारला असता तर उलगडा झाला असता. बारा रात्री जागलेल्या माणसाला तो सुचत नाही.

पहाट सरते. व्हातेल वाट पाहतो. कोणी येत नाही. तो गूरव्हिलला गाठतो आणि या अपमानानंतर आपण जगणार नाही, असं स्पष्ट सांगतो. गूरव्हिल हसण्यावारी नेतो.

सकाळी ८. मासळी नाही. व्हातेल खोलीत जाऊन स्वतःच्या तलवारीने जीव देतो.

त्यानंतर लगेच. चहूकडून मासळी येऊ लागते. वाटप करायला व्हातेलला शोधतात. दार ठोठावतात, मग फोडतात.

शुक्रवार, उरलेला दिवस. कोंदे हवालदिल होतो, त्याचा मुलगा रडतो. राजा म्हणतो की आपल्या येण्याचा यजमानाला किती त्रास होतो हे ओळखूनच पाच वर्षं इथे येणं टाळलं. दोन टेबलं पुरे होती, असंही तो म्हणतो. गूरव्हिल व्हातेलची उणीव भरून काढतो. जेवण उत्तम होतं. फराळ, फेरफटका, जुगार, शिकार, रात्रीचं जेवण, काहीच चुकत नाही.

‘द मेन्यू’ या २०२२ च्या चित्रपटात महागड्या हॉटेलातला एक हाताखालचा शेफ पाहुण्यांसमोर स्वतःवर गोळी झाडतो. काही पाहुण्यांना तो देखावा वाटतो आणि जेवण पुढे सरकतं. दिग्दर्शक मार्क मायलॉडच्या त्या प्रसंगाला अनेकांनी अतिरंजित म्हटलं असेल. शांतिईच्या पाहुण्यांना तर हा मृत्यू खरा आहे हे माहीत होतं, आणि तरीही ते जेवले.

शनिवार, २५ एप्रिल, संध्याकाळ. राजा शांतिई सोडून लियांकूरला जातो. तिथे मध्यरात्रीच्या जेवणाचा हुकूम आधीच गेलेला आहे.