ट्रेन सुसाट गेली की वारा आपल्याला का ढकलतो? ट्रेनचं एरोडायनॅमिक्स समजून घ्या

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे रेल्वेमार्ग वर्धा-सेवाग्राम परिसरात एकत्र येतात. त्यामुळे न थांबता धाडधाड जाणारी गाडी इथल्या लोकांना नवी नाही. आधी एक धक्का जाणवतो, मग वारा, धूळ आणि उडणारे कागद. हे नेमकं कशामुळे होतं?

वेग थोडा, विरोध जास्त

गाडी पळताना समोरची हवा बाजूला सारते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट पॉवर लागते. ताशी ११० वरून १३० किमी म्हणजे वेग फक्त १८ टक्के वाढला, पण हवेचा विरोध सुमारे ४० टक्के वाढतो. पुलगाव-आर्वीच्या जुन्या नॅरोगेज गाडीला ही चिंता नव्हती. ती सावकाशच जायची.

वंदे भारतचं निमुळतं नाक

या नाकामुळे हवा सहज बाजूला होते. पण लांब गाडीत विरोधाचा मोठा भाग डब्यांच्या बाजू, चाकांकडचा खालचा भाग आणि डब्यांमधल्या फटी यांतून येतो. म्हणून या गाडीचे डबे गुळगुळीत आणि एकमेकांना जोडून बंद केलेले असतात. उलट, कोळशाच्या रिकाम्या उघड्या वॅगनमध्ये हवा आत शिरून घुसळते. त्यामुळे वजन कमी असूनही त्यांना हवेचा विरोध भरलेल्या वॅगनपेक्षा जास्त होतो.

प्लॅटफॉर्मवर काय होतं?

गाडीचं तोंड समोरून जाताना हवेचा दाब आधी वाढतो आणि लगेच घटतो. तोच तो पहिला धक्का. त्यानंतर गाडीला चिकटलेली हवा तिच्यासोबत ओढली जाते. हा थर शेवटच्या डब्याकडे जाड होत जातो आणि गाडी गेल्यावरही काही क्षण वारा वाहत राहतो.

'गाडी माणसाला आत खेचते' असं आपण ऐकतो. खरं तर हा वारा मुख्यतः गाडीच्या दिशेने ढकलतो आणि तोल घालवतो. तोल गेलेला माणूस कुठे पडेल, ते त्याच्या हातात नसतं. मालगाडीला कमी समजू नका. तिचा आकार ओबडधोबड, त्यामुळे वेग कमी असला तरी वारा जोरदार असू शकतो.

रील काढण्याआधी हे गणित करा

ताशी १३० किमी म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. ३०० मीटरवर दिसलेली गाडी आठ सेकंदांत तुमच्यापाशी असते. कानात इअरफोन असेल तर आवाजही उशिरा कळतो. ब्रेक लावले तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही.

त्यामुळे:
- पिवळ्या पट्टीच्या मागेच उभे राहा. लहान मुलांचा हात धरा.
- बॅग, ओढणी, छत्री सांभाळा.
- पूर्ण गाडी जाईपर्यंत पुढे सरकू नका.
- रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

वारा डोळ्यांना दिसत नाही, पट्टी मात्र दिसते. तेवढी पाळली तरी पुरे.